मदत हवी आहे: वॉशिंग मशीन वॉरंटीत, तरी दुरुस्तीचे पैसे मागताहेत

नमस्कार मंडळी. आम्ही पेडण्यात राहतो. फ्रंट लोड मशीन म्हापशाच्या दुकानातून घेतलं, वॉरंटी अजून शिल्लक आहे. स्पिनला लागलं की घरभर धडधड. टेक्निशियनने खोलून पाहिलं तर ड्रमला मागून धरणारा तीन पायांचा स्पायडर गंजून तडकलेला. जॉबशीटवर शेरा मारला, 'विहिरीचं खारं पाणी, वॉरंटी लागू नाही'. अहो, आमच्याकडे नळाचं पाणी! ते तपासायची तसदीही घेतली नाही. मी सही केलेली नाही. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी सर्व्हिस सेंटरकडे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली आहे. नाहीच जमलं तर पर्वरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारीची मुदत २ वर्षं, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही, एवढं ठाऊक आहे.

अडलंय पुराव्यावर. पाण्याचा अहवाल पुरेल, की मशीनच्या दोषाबद्दल तज्ज्ञाचा दाखला लागेल? तो गोव्यात देतं कोण? दुकानदारालाही पक्षकार करावं का? आणि चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आहे. तोवर पदरचे पैसे घालून बाहेरून दुरुस्त करून घेतलं तर केस ढिली पडेल का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.