अनुस्वार राहिला: टंकनदोष, व्याकरणदोष की अर्थदोष?

उकार: एका डेटाबेसच्या मार्गदर्शिकेचं मराठी रूप तपासतोय. त्यात हे वाक्य आहे: 'अपडेट चालवल्यावर अट पुरी करणाऱ्या नोंदीवर व्यवहार संपेपर्यंत कुलूप राहतं.' (कुलूप म्हणजे तोवर इतरांना तिथे बदल करता येत नाही.) मी 'नोंदींवर' केलं आणि बदलाच्या शीर्षकात 'टंकनदोष दुरुस्त' असं लिहून पाठवलं. परीक्षकांनी परत पाठवलं. म्हणाले, टंकनदोष म्हणजे 'मगारदर्शिका', इथे तर अर्थ बदलतोय, तांत्रिक बाजू बघणाऱ्यांची संमती आणा. एका टिंबासाठी! अशा चुकीला नेमकं म्हणायचं काय? मुद्रणदोष म्हणवत नाही, कारण मुद्रण कुठेच झालेलं नाही.

खिळाजुळारी: छापखान्यात याला काही खास नाव नव्हतं. 'टिंब उडालं' म्हणायचो आणि समासात खूण करायचो. अर्थ बदलला की नाही हे बघणं मुद्रितशोधकाचं काम नाही, मूळ प्रतीशी ताडून बघणं हे त्याचं काम. तुमच्या मूळ इंग्रजीत नोंदीसाठी एकवचनी 'रो' आहे की अनेकवचनी 'रोज'?

उकार: अनेकवचनच आहे.

खिळाजुळारी: मग वाद संपला. अनुवादकाच्या हातून टिंब गळलं. हस्तदोष म्हणा.

पोथीवाला: 'हस्तदोष' छान आहे. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी 'यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया' असं लिहून मोकळे व्हायचे: जसं दिसलं तसं उतरवलं, मला बोल लावू नका. पण इथे मला 'पाठशुद्धी' जास्त जवळचा वाटतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा लेखनिकांच्या हातून शिरलेले अपपाठ काढले. वर ताकीदही दिली, की यात कोणी पदरची ओवी घालेल तर अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवल्यासारखं होईल. परीक्षकांना हीच शंका आली असणार: हा दुरुस्ती करतोय की पदरचं घालतोय?

बोलीभाषक: मूळ मुद्दा बाजूला राहतोय. 'नोंदीवर' आणि 'नोंदींवर' यांच्या उच्चारात तुम्ही खरंच फरक करता? मी करत नाही. ऐकूच येत नाही ते चिन्ह लिहायचं आणि मग त्याच्या नावाने दुरुस्त्या पाठवायच्या, हा शुद्धलेखनवाल्यांचा रोजगार हमी कार्यक्रम आहे.

समासविग्रह: हा शुद्धलेखनाचा प्रश्नच नाही. अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार द्यावा, हे १९६२ च्या नियमांत आहेच, पण तिथे तो शोभेला नाही, वचन दाखवायला आहे. 'करणाऱ्या' दोन्हीकडे सारखंच राहतं, 'कुलूप राहतं' हेही सारखंच. त्या वाक्यात एक की अनेक हे सांगणारं टिंबाखेरीज दुसरं काहीही नाही. बोलताना समोरचा विचारू शकतो, 'एकाच नोंदीवर का?' मार्गदर्शिका वाचणारा रात्री दोन वाजता एकटा असतो, आणि हजारो नोंदी अडकून पडलेल्या असतात.

बोलीभाषक: मग 'प्रत्येक नोंदीवर' लिहा की! टिंबावर इतका भार कशाला टाकता?

पोथीवाला: ही झाली पदरची ओवी.

दंडविराम: थोडं वेगळं. प्रत्येक चूक दुरुस्त करायची नसते. एचटीटीपी १.० चा, म्हणजे वेबपानं मागवण्या-पाठवण्याच्या नियमांचा, १९९६ चा दस्तऐवज बघा. 'रेफरर' (वाचक कुठल्या पानावरून आला ते सांगणारं शीर्षक) याच्या स्पेलिंगात एक आर कमी आहे आणि ब्राउझर आजही तसंच पाठवतात. युनिक्स या संगणकप्रणालीतल्या 'क्रिएट' या कॉलच्या, म्हणजे फाइल तयार करायच्या आज्ञेच्या, नावाला शेवटचा ई नाही. एखाद्या उत्साही शोधकाने मार्गदर्शिकेत असं स्पेलिंग 'सुधारलं', तर ते उतरवून घेणाऱ्याचा प्रोग्राम चालणार नाही. मी स्वतः डेटाबेसच्या तक्त्यातल्या एका स्तंभाच्या नावातली चूक अशीच सुधारली होती. दोन दिवस शिव्या खाल्ल्या. तेव्हापासून टंकनदोषाची माझी व्याख्या सोपी आहे: सुधारल्यावर काहीही मोडत नाही, तो टंकनदोष.

उकार: या व्याख्येत माझं टिंब बसतं. परीक्षकांना दाखवतो.

टांकसाळ: 'टंकन' शब्दावरच माझा आक्षेप आहे. टाक म्हणजे लेखणी, त्यावरून टंकन. कीबोर्डला तो लागू होत नाही.

समासविग्रह: तुमचं नाव टांकसाळ असून असं म्हणता? संस्कृत टंक म्हणजे छिन्नी, आणि छाप मारलेलं नाणंही. तुमची टांकसाळ त्यातलीच, पाथरवटाची टाकीही. कळ दाबून अक्षराचा ठसा उमटवायचा म्हणून टंकन. लेखणीचा टाक त्यात मागाहून ओढू नका.

टांकसाळ: ठसा कागदावर उमटतो. पडद्यावर नाही.

नकारघंटा: सगळे टिंबावर अडलात. याच मार्गदर्शिकेत 'नल' साठी 'शून्य' वापरलंय का ते बघा. मी पाहिलेल्या दोन अनुवादांत होतं. तो अनर्थ आहे. शून्य ही किंमत आहे, नल म्हणजे किंमतच माहीत नाही. पगार शून्य असणं आणि पगार नोंदवलेलाच नसणं एक नव्हे. नलची नलशी तुलना केली तर उत्तर 'खरं'ही येत नाही आणि 'खोटं'ही नाही, 'अज्ञात' येतं.

उकार: बघितलं. चौदा ठिकाणी 'शून्य' आहे. अरे देवा.

खिळाजुळारी: 'रिक्त' करा.

नकारघंटा: रिक्त म्हणजे रिकामी अक्षरमाला, एकही अक्षर नसलेला मजकूर. तीही एक किंमतच आहे. ओरॅकल हा डेटाबेस रिकाम्या अक्षरमालेला नल मानतो, पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस मानत नाही. 'रिक्त' लिहिलंत तर हा फरक सांगायचा कसा?

फाइलबहाद्दर: 'निरंक'! कचेरीत तक्ता भरताना लिहितात तो. इतका तयार शब्द हाताशी असताना नवे कशाला पाडता?

नकारघंटा: निरंक म्हणजे तपासलं आणि काहीही निघालं नाही. म्हणजे पुन्हा शून्यच. नल म्हणजे तक्ता आलाच नाही.

फाइलबहाद्दर: प्रत्यक्षात तक्ता न भरताच निरंक लिहितात, त्यामुळे अर्थ बरोबर जुळतो.

बोलीभाषक: 'नल'च ठेवा. टेबल, क्वेरी, इंडेक्स चालतात, मग यालाच सोवळं का?

समासविग्रह: ठेवा, पण लिंग ठरवा. टेबल ते, क्वेरी ती. इंडेक्स कोणी 'तो' म्हणतं, कोणी 'ती'. 'नल आला', 'नल आली' की 'नल आलं'?

बोलीभाषक: 'आला'. नळ येतो तसा.

समासविग्रह: 'किंमत' अध्याहृत आहे, म्हणून 'आली'.

उकार: मंडळी, चौदा 'शून्य' बदलले तर तो टंकनदोष नक्कीच नाही ना? शीर्षकात काय लिहू? आणि टिंब याच बदलात घालू की वेगळं पाठवू?

टांकसाळ: टाकाबद्दल माझं म्हणणं अजून कोणी खोडलेलं नाही. जुन्या दौती-टाकातला टाक काय छिन्नी होता?

खिळाजुळारी: बोरूच्या जागी धातूचं टोक आलं, त्याला टाक म्हणायचे. टोक अणकुचीदार, म्हणजे छिन्नीच्या जवळचंच की.