मार्था ब्रेला सासूबाईंना जरूर न्या

सासूबाईंना पाण्याची भीती, तरी जमैकात फॉलमथ बंदराला जहाज थांबल्यावर मार्था ब्रे नदीतलं राफ्टिंग करावं का, असं विचारलंय तुम्ही. बिनधास्त करा. कोलाडच्या कुंडलिकेसारखं उसळतं पाणी इथे नाही. सुमारे ३० फुटी बांबूचा तराफा, त्यावर दोघांपुरतं बाकडं, पुढे उभा राहून लांब काठीने रेटणारा नावाडी. मोटर नाही की आरडाओरडा नाही. तीनेक मैल संथ, हिरवंगार पाणी. (जमैकातल्याच पोर्टलँड भागातल्या रिओ ग्रांदे नदीवर असेच तराफे पूर्वी केळी वाहून न्यायचे.) बांबूंच्या फटींतून पाणी वर येतं, पावलं भिजतात, तेव्हा चपलाच घाला.

आमच्या नावाड्याने कॅलबाशच्या, म्हणजे भोपळ्यासारख्या, वाळक्या फळावर चाकूच्या टोकाने तिथला राष्ट्रीय पक्षी, लांब शेपटीचा डॉक्टर बर्ड, कोरून दिला. तो आज आमच्या देवघराशेजारी आहे. खरेदी करायची तर अशी, करणाऱ्याच्या हातून. सुटे डॉलर जवळ ठेवा.

बाजारात तिथल्या ब्लू माउंटन डोंगरांतली कॉफी घेताना मात्र पाकिटावर १०० टक्के लिहिलंय का बघा. ‘ब्लेंड’ असेल तर त्यात दुसरी कॉफीही असते. मी घाईत तेच उचललं, अजून चुटपुट लागते.