गेट व्होल्टेज बदलल्यावर नॅनोट्यूबमधील स्पिन-संकेताचे चिन्ह का उलटते?

प्रश्न : स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या संशोधकांनी पॅलेडियम-निकेल या लोहचुंबकीय मिश्रधातूचे इलेक्ट्रोड जोडलेल्या कार्बन नॅनोट्यूबवर (कार्बन अणूंच्या अतिसूक्ष्म नळीवर) केलेले २००५ चे प्रयोग मी सध्या वाचते आहे. इलेक्ट्रोडांची चुंबकने (चुंबकत्वाच्या दिशा) समांतर आणि विरुद्ध असतानाच्या रोधांतला फरक, म्हणजेच स्पिन-संकेत, गेट व्होल्टेजनुसार कधी धन, तर कधी ऋण होतो. गेट, म्हणजे नळीजवळचा नियंत्रक इलेक्ट्रोड, केवळ विद्युतक्षेत्र निर्माण करते. मग ते इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याचे अंगभूत चुंबकीय दिशादर्शक) फिरवते, असे समजावे का?

उत्तर १ : नाही, येथे स्पिन फिरवला जात नाही. अतिशीत तापमानाला दोन इलेक्ट्रोडांमधला नळीचा तुकडा क्वांटम डॉट होतो, म्हणजे त्यात ऊर्जेच्या सुट्या पातळ्या तयार होतात, आणि गेट त्या वरखाली सरकवते. पातळी फर्मी ऊर्जेपासून (इलेक्ट्रोडांतील इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या सर्वांत वरच्या ऊर्जेपासून) दूर असेल, तर पारगमन, म्हणजे इलेक्ट्रॉन पलीकडे जाण्याची शक्यता, दोन्ही टोकांच्या जोडण्यांच्या गुणाकारावर ठरते आणि नेहमीचा धन संकेत (विरुद्ध स्थितीत रोध जास्त) मिळतो. पातळी फर्मी ऊर्जेशी नेमकी जुळली आणि एक टोक दुसऱ्यापेक्षा बरेच घट्ट जोडलेले असले, तर मात्र पारगमन दुबळ्या आणि सबळ जोडणीच्या गुणोत्तरावर ठरते. चुंबकने विरुद्ध असताना एका स्पिनसाठी हे गुणोत्तर इतके वाढते की एकूण प्रवाह समांतर स्थितीपेक्षा जास्त होतो. संपर्कांची असमानता एरवी दोष मानली जाते. येथे तीच नियंत्रणाचे साधन होते, म्हणून मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो.

उत्तर २ : हे स्पष्टीकरण मान्य आहे, पण रोधातील प्रत्येक उडी स्पिनची मानू नये. चुंबकीय क्षेत्राबरोबर लोहचुंबकाचे रासायनिक विभव (त्यातील इलेक्ट्रॉनांची ऊर्जापातळी) किंचित सरकते, त्यामुळे डॉटवरचा प्रेरित प्रभार बदलतो आणि चुंबकन उलटताच तशीच उडी दिसते. त्यासाठी एकच लोहचुंबकीय संपर्क पुरतो. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनच्या गटाने २००६ मध्ये एकभित्तिका (एकाच थराच्या) नळीवर चार संपर्क देऊन प्रभाराच्या प्रवाहापासून स्पिनचा संकेत वेगळा काढला, तो याच शंकेपोटी.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. मग स्पिन खरोखर फिरवायचा असेल तर?

उत्तर ३ : त्यासाठी स्पिन आणि कक्षीय गती यांची युती हवी. सपाट ग्राफीनमध्ये (कार्बनच्या एका अणूइतक्या जाड थरात) ती अत्यंत क्षीण असते, परंतु नळीच्या वक्रतेमुळे वाढते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात २००८ साली एका इलेक्ट्रॉनसाठी या युतीमुळे होणारे ऊर्जापातळ्यांचे ०.३७ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट इतके विभाजन मोजले गेले. या युतीमुळे भासणारे चुंबकीय क्षेत्र नळीच्या अक्षाच्या दिशेने असते, म्हणून अक्षाला लंब असलेला स्पिनच त्याभोवती फिरेल. शिवाय दोन व्हॅलींमध्ये (नळीतील इलेक्ट्रॉनच्या दोन समतुल्य गति-अवस्थांमध्ये) या क्षेत्राची दिशा परस्परविरुद्ध असल्याने, नळीतील दोषांमुळे व्हॅलींची सरमिसळ झाली की हे नियंत्रण हातचे जाते.