कॅलिफोर्नियात एमएफटीचं लायसन्स: ३,००० तासांचं गणित कुणी समजावेल का?

ओवी_सॅनहोजे
नमस्कार मंडळी. मी पुण्यात सायकॉलॉजीत एमए केलंय, नंतर चार वर्षं तिथेच कौन्सेलिंग केलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले, आता ग्रीन कार्डही हातात आहे, तर मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्टचं लायसन्स काढायचं मनात आहे. (आईला सांगितलं तर म्हणाली, म्हणजे वधूवर सूचक मंडळ का गं?) बोर्डाचं (म्हणजे लायसन्स देणाऱ्या राज्याच्या संस्थेचं) हँडबुक वाचायला घेतलं आणि डोकं गरगरलं, ३,००० तास काय, १०४ आठवडे काय, असोसिएट नंबर (डिग्रीनंतर तास भरणाऱ्यांची बोर्डाकडची नोंदणी) काय. माझी एमए चालेल का, भारतातले तास धरतील का, आणि सगळं मिळून किती वर्षं लागतील? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

निवांत_बाई
मी गेलेय, मागच्या वर्षी लायसन्स आलं, त्यामुळे जखमा ताज्या आहेत.

आधी डिग्रीचं. इथे ६० सेमिस्टर युनिटची मास्टर्स लागते आणि त्यात प्रॅक्टिकम, म्हणजे शिकता शिकता खऱ्या क्लायंटबरोबर काम. परदेशातली डिग्री असेल तर ती आधी मूल्यांकन करणाऱ्या संस्थेकडून तपासून घ्यावी लागते आणि मग बोर्ड बघतं की आपल्याशी जुळते का. आपल्याकडच्या दोन वर्षांच्या एमएत बरंच काही कमी पडतं. माझ्या मैत्रिणीने सहा महिने पत्रव्यवहार केला आणि शेवटी इथेच मास्टर्सला ॲडमिशन घेतली. तुमच्या चार वर्षांच्या अनुभवाचा क्लायंटसमोर बसल्यावर खूप उपयोग होईल, पण फॉर्मवर त्याच्या भरवशावर राहू नका.

आता तास. लायसन्सआधी सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी लायसन्सवाल्याच्या देखरेखीखाली, ३,००० तास काम करावं लागतं. त्या ३,००० पैकी निदान १,७५० तास प्रत्यक्ष कौन्सेलिंगचे हवेत आणि त्यातले ५०० जोडपी, कुटुंबं किंवा लहान मुलं यांच्याबरोबरचे. उरलेले जास्तीत जास्त १,२५० म्हणजे सुपरव्हिजन, नोट्स, ट्रेनिंग वगैरे. आठवड्याला ४० च्या वर धरत नाहीत, आणि कितीही पळालात तरी १०४ आठवड्यांचं सुपरव्हिजन व्हायलाच हवं. कागदावर दोन वर्षं वाटतात ना? पण मला आठवड्याला १५ क्लायंट मिळायचे, त्यातले दोनतीन आयत्या वेळी कॅन्सल, आणि न आलेल्या क्लायंटचा तास प्रत्यक्ष कौन्सेलिंगमध्ये धरता येत नाही. १,७५० ला १५ ने भागून बघा, ११७ आठवडे होतात, तेही कुणी आजारी पडलं नाही तर. मला साडेतीन वर्षं लागली.

आणि हे कुणी आधी सांगत नाही, ज्या आठवड्यात सुपरव्हिजन झालं नाही त्या आठवड्याचे तास गेले. आमचं ग्रुप सुपरव्हिजन सोमवारी असायचं, सोमवारी सुट्टी आली आणि बदली वेळ कुणी ठरवली नाही, झालं, अख्ख्या आठवड्यावर पाणी. मी नंतर डिसेंबरातच वर्षभराच्या सुट्ट्या कॅलेंडरवर लाल करून सुपरव्हायझरच्या मागे लागायचे.

टेक्ससकर
निवांतबाई, सह्यांचंही सांगा की. तासांचा लॉग दर आठवड्याला भरून त्याच आठवड्यात सही घ्या, "नंतर एकदम करू" म्हणणाऱ्या सुपरव्हायझरपासून सावध. माझा सुपरव्हायझर मध्येच क्लिनिक सोडून गेला आणि तीन महिन्यांचे तास अडकले, त्याला शोधून काढून फॉर्मवर सही घेईपर्यंत नाकी नऊ आले.

बाकी टेक्सासचं गणित वेगळं. आमच्याकडेही ३,००० तासच पण प्रत्यक्ष क्लायंटबरोबर १,५००, आणि आम्ही नॅशनल एक्झाम देतो. कॅलिफोर्नियाची स्वतःची क्लिनिकल परीक्षा, शिवाय लॉ अँड एथिक्स वेगळी. पुढे राज्य बदलणार असाल तर आत्ताच विचार करा, कारण क्लायंट ज्या राज्यात बसलाय तिथलं लायसन्स लागतं, व्हिडिओवर बोललात तरी.

ओवी_सॅनहोजे
बापरे. म्हणजे पुन्हा मास्टर्स. रडू आलं थोडं, पण कुणीतरी सरळ सांगितलं ते बरं झालं. समजा मास्टर्स केली, डिग्री मिळाल्यावर लगेच कामाला लागता येतं का? की असोसिएट नंबर येईपर्यंत नुसतं बसायचं?

निवांत_बाई
इथेच तर लोक अडकतात. डिग्रीची जी अधिकृत तारीख असते (समारंभाची नव्हे हं, ट्रान्सक्रिप्टवरची) तिच्यापासून ९० दिवसांच्या आत असोसिएटचा अर्ज बोर्डाकडे पोचला तर मधल्या काळातले तास धरता येतात. पण अट अशी की तुम्ही काम सुरू करण्याआधी त्या जागेने तुमचे बोटांचे ठसे घेतलेले हवेत, लाईव्ह स्कॅन म्हणतात त्याला. त्या कागदाची कॉपी जपून ठेवा, मी पासपोर्टच्या फाईलमध्ये ठेवली होती. आणि नंबर हातात येईपर्यंत कुणाच्या खाजगी प्रॅक्टिसमध्ये काम करता येत नाही, एजन्सीत वगैरेच.

असोसिएट म्हणून १०९९ वर, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर म्हणून, कुणी ठेवतो म्हणालं तर नाही म्हणा, ते तास धरत नाहीत. डब्ल्यू-२ वर, म्हणजे रीतसर पगारी, नोकरी हवी नाहीतर व्हॉलंटियर. असोसिएटचा एक नंबर दरवर्षी रिन्यू करत जास्तीत जास्त सहा वर्षं चालतो.

गप्पू
ओवीताईंचं ग्रीन कार्ड आहे म्हणून ठीक, पण हा धागा एफ-१ वाले (स्टुडंट व्हिसावरचे) वाचत असतील तर जरा थांबा. मास्टर्सनंतर ओपीटीचे, म्हणजे त्या व्हिसावर काम करायच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात आणि इथे १०४ आठवडे हवेत. वजाबाकी ॲडमिशनच्या आधी करा, फी भरल्यावर नाही. मी फी भरल्यावर केली.

ओवी_सॅनहोजे
धन्यवाद सगळ्यांना. दोन कॉलेजांना मेल टाकतेय, पहिला प्रश्न हाच विचारते की प्रॅक्टिकमची जागा तुम्ही देता की मला शोधायची.

निवांत_बाई
बरोब्बर. आणि संध्याकाळी घरी यायला किती वाजतील तेही विचारा, कारण जोडपी संध्याकाळी सहानंतरच मोकळी असतात.