एकट्याचा धंदा आणि कार्डावर ‘मॅनेजिंग डायरेक्टर’: चालतं की नाही?

उधारवही

गेल्या महिन्यात बँकेत चालू खात्याचा पत्ता बदलायला गेलो होतो. अर्ज भरला, सही केली, सहीखाली शिक्का मारला. काउंटरवरच्या बाईंनी आधी शिक्क्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, मग माझ्याकडे. “खातं प्रोप्रायटरशिपचं आहे. हे डायरेक्टर कोण?” मीच, म्हटलं. “मग कंपनीचं बोर्ड रिझोल्यूशन आणा.” मागे रांग. एकजण हसल्याचा आवाजही आला.

पाच वर्षांपूर्वी कार्डं करताना छपाईवाल्याने विचारलं होतं, “नावाखाली काय टाकू? एमडी टाकू? सगळेच टाकतात.” मला बरं वाटलं, टाक म्हटलं. शिक्का त्याच नमुन्यावर बनला.

घरी येऊन कंपनी कायदा, 2013 उघडला. कलम 2(34) म्हणतं, डायरेक्टर म्हणजे कंपनीच्या बोर्डावर नेमलेला डायरेक्टर. कलम 152 प्रमाणे डिन, म्हणजे डायरेक्टरचा ओळख क्रमांक, नसेल तर नेमणूकच होत नाही. प्रायव्हेट लिमिटेडला असे किमान दोन लागतात. माझ्याकडे डिन नाही, कंपनी नाही, आणि बोर्ड म्हणाल तर दारावरचा एवढाच.

माझं मत आता पक्कं झालंय. एकट्याच्या धंद्याला ही बिरुदं लावणं म्हणजे चक्क खोटं बोलणं आहे आणि कायद्याने त्यावर सरळ बंदी घालावी. बोला.

रोखठोक

साफ असहमत. बँकेत फजिती झाली म्हणून सगळ्यांना बंदी?

तुम्ही जे कलम दिलंत ती व्याख्या आहे, मनाई नाही. दोन्हींत फरक असतो. कायद्याला जिथे मनाई करायची होती तिथे त्याने स्वच्छ शब्दांत केली आहे. त्याच कायद्याचं कलम 453 बघा. नोंदणी नसताना नावापुढे ‘लिमिटेड’ किंवा ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लावून धंदा केलात तर दिवसाला 500 ते 2000 रुपये दंड, जितके दिवस लावलं तितके दिवस. एलएलपीचंही (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) तसंच, 2008 च्या कायद्यात कलम 20. ‘आर्किटेक्ट’ हे नाव 1972 च्या कायद्याच्या कलम 37 ने राखून ठेवलंय, कौन्सिलकडे नोंद नसेल तर लावता येत नाही. ‘चार्टर्ड अकाउंटंट’ 1949 पासून राखीव आहे. ‘डायरेक्टर’ला असं कुंपण कुणी घातलंय? दाखवा कलम.

सीईओचं तर विचारूच नका. कंपनी कायद्यातली 2(18) ची व्याख्या अशी की कंपनीने ज्याला सीईओ म्हटलं तो सीईओ. म्हणजे हलवायाला हलवाई का म्हणायचं, तर लोक म्हणतात म्हणून.

आणि व्यवहाराचं बोलू. मोठ्या ऑफिसात खरेदी विभागात बसलेला पोरगा ‘प्रोप्रायटर’ वाचून कार्ड ड्रॉवरमध्ये टाकतो. ‘फाउंडर अँड सीईओ’ वाचून चहा मागवतो. मी दोन्ही कार्डं वापरून पाहिली आहेत.

तिसरीप्रत

आमच्या हापिसात पाच माणसं आहेत, त्यात चार मॅनेजर. पाचवा मी, सीनियर मॅनेजर. पगारवाढ मागितली की मालक पदनाव वाढवतात. मला मालकांच्या कार्डापेक्षा माझ्या कार्डाची जास्त काळजी आहे.

(अवांतराबद्दल माफी. पण कामगारांच्या वादात न्यायालयं पदनावाच्या पाटीला भुलत नाहीत, माणूस मुख्यतः काय काम करतो ते बघतात. एवढाच दिलासा.)

कच्चीपावती

सतरा वर्षं छोट्या धंद्यांचे हिशेब लिहितेय, म्हणून लांबण लावते.

रोखठोक, मनाईचं कलम नाही हे तुमचं बरोबर. पण म्हणून प्रश्न मिटत नाही. कार्ड वेगळं आणि शिक्का वेगळा. कार्ड म्हणजे ओळख. त्यावर ‘चीफ स्वप्न ऑफिसर’ छापा, कुणी विचारणार नाही. शिक्का सहीखाली बसतो, आणि सहीखाली जे लिहिलंय ते तुम्ही कोणाच्या वतीने बांधील होताय हे सांगतं. काउंटरवरच्या बाईंनी तुमचं कार्ड पाहून काही म्हटलं असतं का? त्यांनी शिक्का अडवला, आणि योग्यच केलं.

आता दुसरी बाजू बघा, खऱ्या कंपनीची. खरा डायरेक्टर हुंडीवर किंवा चेकवर ‘अमुक प्रायव्हेट लिमिटेड करिता’ न लिहिता नुसती सही करतो. 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम 28 सांगतं की मी दुसऱ्याच्या वतीने सही करतोय हे कागदावर दिसलं नाही तर देणं सही करणाऱ्याच्या अंगावर येतं. ‘करिता’ हा एवढासा शब्द. मी अशी एक फाइल हाताळली आहे. माणसाचं पदनाव अगदी खरं होतं, डिन होता, सगळं होतं. शिक्क्यातला वरचा ‘करिता’ झिजून उमटत नव्हता, एवढंच. बाकी कागदपत्रांतून कंपनी सिद्ध करता करता वकिलाची फी मूळ रकमेच्या जवळ गेली.

आणि उधारवही, तुमचं ‘खोटं बोलणं’ मला अर्धंच पटतं. तुम्ही स्वतःला मोठं दाखवायला डायरेक्टर लावलंत ना? धनको म्हणून विचार करा, तो शब्द तुम्हाला लहान करतो. कंपनीची जबाबदारी तिच्या मालमत्तेपुरती. प्रोप्रायटरच्या मागे त्याचं घर, गाडी, सगळं उभं असतं, कारण धंदा आणि तो वेगळे नाहीतच. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये चेक न वटल्याच्या एका प्रकरणात हेच सांगितलं: प्रोप्रायटरी फर्म ही त्याच 1881 च्या कायद्याच्या कलम 141 मधली ‘कंपनी’ नव्हे. जो मालक, तोच जबाबदार. माल उधार देणाऱ्याने खरं तर ‘प्रोप्रायटर’ वाचून चहा मागवायला हवा.

रोखठोक

ताई, शिक्क्याचं मान्य. माझा शिक्का ‘प्रोप्रा.’च आहे, कार्ड ‘सीईओ’. म्हणजे मी तुमच्याच बाजूचा निघालो की.

पण धनकोला हे गणित कळत नाही. त्याला ‘प्रा. लि.’ म्हणजे मोठं आणि ‘प्रोप्रा.’ म्हणजे टपरी. जग असं चालतं, त्याला मी काय करू?

नोटरीच्यादारात

“जग असं चालतं” हे वाक्य मी रोज ऐकतो, बहुतेक वेळा आरोपीकडून.

मनाईचं कलम नाही म्हणजे मोकळं रान नाही. समजा तुम्ही ‘मॅनेजिंग डायरेक्टर’ म्हणून बसलात, समोरच्याला वाटलं की मागे कंपनी आहे, आणि तुम्ही तो समज मुद्दाम तसाच ठेवून करार केलात. मग 1872 च्या करार कायद्याची कलमं 17, 18, 19 आहेत. तो करार रद्द करायला मागू शकतो. त्याला फसवून पैसे किंवा माल घ्यायचा हेतू सिद्ध झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 318 म्हणजे फसवणूक. नुसतं कार्ड छापलं म्हणून कुणी आत जात नाही हे खरं, हेतू लागतो. पण हेतू सिद्ध करायला बसल्यावर समोरचा वकील पहिलं काय पुढे करेल? तुमचं कार्ड.

भागीदारीत तर आणखी गंमत. 1932 च्या कायद्याचं कलम 28. माझ्या एका नातेवाइकाने मेहुण्याच्या धंद्याला ‘वजन यावं’ म्हणून स्वतःचं नाव ‘पार्टनर’ म्हणून छापू दिलं. भागीदारी करारात नाव नाही, नफ्यातला रुपया घेतला नाही. मेहुणा बुडाला. ज्याने ते नाव वाचून उधारी दिली होती त्याने दोघांना नोटीस काढली, आणि कायदा त्याच्या बाजूने होता. स्वतःला भागीदार म्हणवून घेतलंत, त्या भरवशावर कुणी उधारी दिली, तर भागीदारासारखे भरा.

तेव्हा रोखठोक, शब्दाला कुंपण नाही पण शब्दावर विसंबणाऱ्याला संरक्षण आहे.

उधारवही

मी बंदीची मागणी मागे घेतो. ‘खोटं’ हा शब्द नाही घेणार.

एक शंका. एकट्याची कंपनी काढली तर डायरेक्टर होता येतं ना?

कच्चीपावती

येतं. वन पर्सन कंपनी, 2013 च्याच कायद्यात आली. एक सभासद, एक डायरेक्टर चालतो, आणि तुमच्या पश्चात कोण हे सांगणारा नॉमिनी द्यावा लागतो. आधी भांडवल 50 लाखांच्या किंवा उलाढाल 2 कोटींच्या वर गेली की साध्या कंपनीत रूपांतर सक्तीचं होतं, ती अट 1 एप्रिल 2021 पासून गेली. पण दरवर्षी ऑडिट, दरवर्षी विवरणपत्रं. लेटरहेडवर आणि बिलावर नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक) छापायचं, नाही छापलं तर दंड. चार अक्षरांच्या हौसेपोटी हे करू नका. जबाबदारी खरंच मर्यादित करायची असेल तर जरूर करा.

साधीबाई

सगळं वाचलं. माझा प्रश्न उलटा आहे.

धंदा माझ्या नावावर आहे. उद्यम नोंदणी माझी, जीएसटी माझा, कर्ज माझ्या सहीचं, कारण महिला उद्योजक म्हणून योजना मिळत होती. ह्यांच्या कार्डावर ‘फाउंडर अँड सीईओ’. माझं कार्ड नाही. गिऱ्हाईक फोन करतं आणि मी उचलला की म्हणतं, “साहेबांना द्या.” वरच्या चर्चेप्रमाणे घर-गाडी कोणाची जाणार, साहेबांची का?

नोटरीच्यादारात

कागदावर प्रोप्रायटर तुम्ही, तेव्हा धंद्याचं देणं तुमचं. साहेब तुमच्या वतीने बोलत असतील तर कायद्याच्या नजरेत ते तुमचे एजंट, आणि तुम्ही दिलेल्या अधिकारात त्यांनी दिलेला शब्द तुम्हाला बांधतो. त्यांनी काय सही करायची आणि काय नाही हे लेखी मुखत्यारपत्रात किंवा बँकेच्या मँडेटमध्ये (खात्यावर सहीचा अधिकार देणारं पत्र) बांधून घ्या. तोंडी ठेवू नका, संसार असला तरी.

रोखठोक

ताई, हे वाचून माझ्या कार्डाकडे परत पाहिलं. जीएसटी आईच्या नावावर आहे.

कच्चीपावती

रोखठोक!! इतका वेळ हे सांगितलं नाहीत? आणि तो ‘प्रोप्रा.’ शिक्का मारून सही कोण करतं, आई की तुम्ही?

रोखठोक

…व्यक्तिगत निरोप करतो.

साधीबाई

शिक्का आज सांगून आले. ‘करिता’ वर, खाली ‘प्रोप्रायटर’, माझं नाव. ह्यांच्या कार्डाचं अजून घरात ठरायचंय.