पहाटेची उभी रेघ

एक दावा असा की अमेरिकेच्या २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीतल्या मतमोजणीच्या आलेखात विस्कॉन्सिन राज्यात पहाटे बायडनच्या मतांची रेघ एकदम उभी चढते, म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय. तो आलेख व्हॉट्सॅपवर मलाही आला होता. आकडे खरे होते, खालची ओळ तेवढी कुणीतरी पदरची जोडलेली.

विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी शहराची टपाली मतं एकाच केंद्रात मोजतात आणि त्या राज्याच्या कायद्यानुसार मतदानाच्या दिवसाआधी ती पाकिटं फोडताच येत नाहीत. मग प्रत्येक पाकिटावरची मतदाराची आणि साक्षीदाराची सही बघा, घडी पडलेली मतपत्रिका सरळ करा, यंत्रात घाला. सुमारे १ लाख ६९ हजार मतपत्रिका! त्यांचा निकाल ४ नोव्हेंबरला पहाटे एकगठ्ठा जाहीर झाला. त्याच गठ्ठ्यात ट्रम्प यांचीही मतं वाढली, फक्त बरीच कमी. ते स्वतः कित्येक महिने टपाली मतदानाला नावं ठेवत होते, मग त्यांचे मतदार टपालाने कशाला मत देतील?

फ्लोरिडात हीच छाननी कित्येक दिवस आधी सुरू होते, म्हणून तिथला निकाल त्याच रात्री कळला. पेनसिल्व्हेनियात मात्र विस्कॉन्सिनसारखीच बंदी, त्यामुळे ७ तारीख उजाडली. आधी छाननी करू द्या, असं विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया, दोन्हीकडचे निवडणूक कर्मचारी सांगत होते. रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळांनी कायदा बदलला नाही.

(आपल्याकडे उलट, मतमोजणीला टपाली मतांपासूनच सुरुवात होते. त्यामुळे सकाळी सव्वाआठच्या ‘आघाडी’वर नाचणारे आपले लोक वेगळेच.)