विषय: एनआरई एफडी शुक्रवारी मॅच्युअर होतेय, काय करू?

मंडळी,
ह्यांची पुण्याची एनआरई एफडी, म्हणजे एनआरआय लोकांची रुपयातली मुदत ठेव, या शुक्रवारी मॅच्युअर होतेय. काल रात्री बँकेतल्या मुलाचा फोन: "मॅडम, रिन्यू नका करू, यात टाका, एफडीसारखंच आहे." त्याने पाठवलेली पीडीएफ वाचत गेले, तर अकराव्या पानावर बारीक अक्षरात युलिप, म्हणजे बाजारात पैसे गुंतवणारी विमा पॉलिसी, आणि ५ वर्षं लॉक-इन! ह्यांना मार्चमध्ये रिटायर व्हायचंय. परत ५ वर्षांची एफडी करावी, की पैसे इकडे अमेरिकेत आणावेत?
– माई, एडिसन

माई, सही अजिबात करू नका. मलाही एकाने "तीनच हप्ते भरा" म्हणून गळ्यात मारली होती, पॉलिसी निघाली पंधरा वर्षांची. सरळ एफडी रिन्यू करा. व्याज करमुक्त आहे.
– अण्णा

अण्णा, करमुक्त तिकडे. इकडे १०४० वर, म्हणजे आपल्या टॅक्स रिटर्नवर, ते व्याज दाखवावंच लागतं, क्युम्युलेटिव्ह (व्याज शेवटी एकदम मिळणारी) असेल तर दरवर्षी, हातात आलेलं नसलं तरी. शिवाय भारतातली सगळी खाती मिळून वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरायचा. हे मी दर फेब्रुवारीत लिहितो. करांबद्दल लिस्टवर काही लिहिण्याआधी कृपया मला विचारत जा.
– खजिनदार

कर बाजूला ठेवा, रुपयाचं काय? २००५ मध्ये डॉलर ४४ च्या आसपास होता, २०२४ संपताना ८५ च्या वर. म्हणजे वर्षाला साधारण साडेतीन टक्के त्यातच गेले. माई, म्हातारपणाचा खर्च डॉलरमध्ये होणार असेल तर पैसे डॉलरमध्येच हवेत. आम्ही दोघं दरवर्षी प्रत्येकी १०,००० डॉलरचे आय बाँड (इथल्या सरकारचे महागाईशी जोडलेले बचत रोखे) घेतो, तेवढीच मर्यादा आहे. पहिले १२ महिने मोडता येत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. उरलेले टिप्समध्ये, म्हणजे महागाईप्रमाणे मुद्दल वाढणाऱ्या सरकारी रोख्यांत. तिकडेच ठेवायचे असतील तर एफसीएनआर बघा, ती एनआरआयची परकीय चलनातली ठेव, डॉलरमध्येच राहते.
– ताई, प्रिन्स्टन

सगळे डॉलरमध्येच कसे खर्च होतील? आम्ही सहा महिने कोथरूडला असतो. बाईचा पगार, सोसायटीचा मेंटेनन्स, औषधं, सगळं रुपयात. मी तर भारत सरकारच्या सिनियर सिटिझन बचत स्कीमचे ८.२ टक्के घेणार आहे.
– अण्णा

अण्णा, एनआरआयला ते खातं उघडता येत नाही. नवीन पीपीएफ (सरकारी भविष्य निधी खातं) सुद्धा नाही.
– खजिनदार

आणि एका बँकेत सगळं ठेवू नका हो. आमच्या दादांची पुंजी एका सहकारी बँकेत अडकली. निर्बंध आले आणि वहिनींच्या ऑपरेशनला स्वतःचेच पैसे काढता येईनात. तिकडे ठेवींचा विमा एका बँकेत माणशी ५ लाख रुपयांचाच, मुद्दल आणि व्याज धरून. इथे एफडीआयसीचा, म्हणजे अमेरिकेतला सरकारी ठेव विमा, २,५०,००० डॉलरचा आहे.
– ताई

युलिपला नाही म्हणून कळवलं. वर्षातून चार महिने तिकडे असतो, तेवढ्या खर्चापुरती १ वर्षाची एफडी, बाकी इकडे आणतोय. एनआरईमधून आणायला आडकाठी नाही ना? आणि अॅपमध्ये ऑटो-रिन्यूअल चालू दिसतंय, शुक्रवारी सकाळी बंद केलं तर चालेल?
– माई

आडकाठी नाही. पण माई, शुक्रवारी सकाळी नको! तुमची सकाळ होईपर्यंत तिकडे संध्याकाळ झालेली असते, एफडी रिन्यू होऊन बसेल. आज रात्रीच बंद करा. जमलं नाही तर फोन करा, मी जागा आहे.
– खजिनदार